डाळ शिजली म्हणजे पाणी चांगलं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण आकडे वाचणं हे माझं रोजचं काम. आज मारेगावच्या पाण्याचे आकडे कसे वाचायचे, तेवढंच सांगतो.

आपल्या घरातली पारख साधी असते. डाळ लवकर शिजली, साबणाला फेस आला, चव गोड लागली, की पाणी चांगलं. आपल्या भागात ही पारख फसवू शकते.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा आहे. वणी-मारेगाव-झरीकडे मात्र चुनखडक, वालुकाश्म आणि कोळशाचे थरही आहेत. पाणी खडकात जास्त काळ राहिलं की त्यातलं कॅल्शियम कमी होऊन सोडियम वाढू शकतं. असं पाणी मऊ लागतं. पण फ्लोराइडला आवर घालतं ते कॅल्शियमच. ते कमी झालं की फ्लोराइड पाण्यात विरघळलेलंच राहतं. म्हणून खोल बोअरचं गोड पाणी उथळ विहिरीच्या जड पाण्यापेक्षा वाईट निघू शकतं.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्यापुढे लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षं प्यायल्यास सांधे, हाडं आखडतात. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

शेताचा हिशेब वेगळा आहे. तिथे क्षार किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, हे बघायचं. सोडियम जास्त असेल तर काळी माती चिकटून बसते, पाणी मुरत नाही. म्हणजे डाळ शिजवणारं तेच मऊ पाणी कपाशीची जमीन बिघडवू शकतं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे आई-वडिलांच्या नावाने, सवाबासाठी लोक बोअर मारून देतात, सबील लावतात. नियत चांगलीच असते. पण त्या हापशावर रोज मदरशातली, शाळेतली मुलं पाणी पितात. त्यामुळे पाणी सुरू करण्याआधी तपासणी हवीच.

काम अवघड नाही. पंप थोडा वेळ चालू ठेवा, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा, त्यावर जागा, तारीख आणि बोअरची खोली लिहा, आणि सरकारी प्रयोगशाळेत द्या. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. फ्लोराइड जास्त निघालं तर तो हापसा कपडे-भांड्यांसाठी ठेवा आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधा. तेही शक्य नसेल तर नागपूरच्या नीरीने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत आहे. पण ती जाणकारांच्या देखरेखीखालीच वापरा.

बोअरच्या दगडावर आपण देणाऱ्याचं नाव कोरतो. त्याखाली तपासणीची तारीख आणि फ्लोराइडचा आकडाही लिहा. पाणी पिणाऱ्याला तो कळायलाच हवा.