पडद्याआडची वीज

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गुरं घेऊन येणारे टेम्पो डिझेलचा धूर सोडतात. हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणाऱ्या गाडीतून बाहेर पडतं ते फक्त पाणी. अशी मोटार पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या कंपनीच्या साथीने २०२० मध्ये चालवून पाहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये बसही आली.

खरी करामत इंधनघटातल्या पडद्याची. दिसायला प्लॅस्टिकच्या पातळ कागदासारखा. हायड्रोजनमधून सुटलेले प्रोटॉन तो पलीकडे जाऊ देतो, इलेक्ट्रॉनना मात्र अडवतो. अडलेले इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घेऊन जातात. तीच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी तयार होतं. नेहमीचा पडदा ओला राहावा लागतो, सुकला की प्रोटॉनची वाट अडते.

आणि ऑक्सिजन तर फारच आळशी! त्याला हलवायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमचे बारीक कण लागतात, खर्च तिथेच वाढतो. म्हणून लोह, नायट्रोजन आणि कार्बन यांपासून स्वस्त उत्प्रेरक घडवण्याचं संशोधन मला गाडीपेक्षाही मोलाचं वाटतं.

काष्टी-श्रीगोंद्याच्या मुलामुलींनो, रसायनशास्त्र आवडत असेल तर या पडद्यावर अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. त्यासाठी जरूर पुढे या.