दुष्काळी मुलुखांतला समुद्र

सोलापूर शहरास समुद्राचा शेजार नाहीं. कोंकणकिनारा आणि हें शहर यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत व पठाराचा लांबच लांब पट्टा पसरलेला आहे. वर्षाचा पाऊसही सरासरीनें बावीस-तेवीस इंचांच्या आंतबाहेर. तथापि शहराची उंची विचारली तर उत्तर समुद्राच्याच हवाल्यानें मिळतें : समुद्रसपाटीपासून सुमारें 1500 फूट. जो डोळ्यांस दिसत नाहीं त्याच्यावरून पायांखालची जमीन मोजावयाची, हा व्यवहार भूगोलाप्रमाणें भाषेंतही चालतो. ज्यानें जन्मांत लाट पाहिली नाहीं असा मनुष्यही ‘दुःखाचा सागर’, ‘जनसागर’, ‘सातासमुद्रांपलीकडे’ असें सहज बोलून जातो. बोलणारा त्या वेळीं नेमकें काय म्हणतो, हें पाहण्यासारखें आहे.

यास्काचार्यांनीं निरुक्तांत ‘समुद्र’ शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ति दिल्या आहेत. ज्याच्यापासून पाणी वर उसळून जातें तो समुद्र. ज्याच्याकडे सर्व पाणी धांव घेतें तो समुद्र. ज्यांत प्राणी आनंद पावतात तो समुद्र. जो भिजवितो तो समुद्र. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, वैदिक निघंटूंत ‘समुद्र’ हें अंतरिक्षाचेंही एक नांव आहे. म्हणजे एक समुद्र पृथ्वीवर आणि दुसरा डोक्यावर. मृग कोरडा गेल्यावर जो शेतकरी कपाळाला हात लावून वर पाहत राहतो, तो या दुसऱ्या समुद्राचीच वाट पाहत असतो.

‘सागर’ शब्दाचें कुळ निराळें. सगर राजाच्या साठ हजार पुत्रांनीं यज्ञाचा घोडा शोधण्यासाठीं पृथ्वी खणली, पुढें भगीरथानें आणलेल्या गंगेनें तो खड्डा भरला, आणि सगरावरून सागर हें नांव पडलें, अशी पुराणांतली कथा आहे. समुद्र स्वयंभू; सागर मात्र मनुष्याच्या श्रमानें खणलेला व नदीनें भरलेला. ‘सिंधु’ म्हणजे नदीही आणि समुद्रही. फारसींतून आलेल्या ‘दर्या’ शब्दाचीही तीच गत : मराठींत दर्या म्हणजे समुद्र, पण मध्य आशियांतील अमू दर्या व सिर दर्या या नद्या आहेत. कोंकणच्या कोळ्याला दर्या हें रूपक नव्हे. तें त्याचें शेत आहे, आणि नारळी पौर्णिमेस तो त्याला नारळ देतो तो देण्याघेण्याच्या रोकड्या नात्यानें. शिवकालांत आरमाराच्या अधिकाऱ्यास ‘दर्यासारंग’ म्हणत. तेथेंही दर्या खराच होता.

गणितानेंही हा शब्द सोडला नाहीं. जुन्या ज्योतिषग्रंथांत अंक शब्दांनीं सांगत. त्यांत समुद्र, अब्धि, सागर यांचा अर्थ चार. पुराणांत समुद्र सात : खारें पाणी, उंसाचा रस, मद्य, तूप, दहीं, दूध आणि गोडें पाणी यांचे. त्यांतून एक निवडण्यास सांगितलें तर दुष्काळी मुलुखांतील मनुष्य दूधतुपाकडे न पाहतां शेवटच्याकडे बोट दाखवील. जैन ग्रंथांत ‘सागरोपम’ हें काळाचें माप आहे, आणि तें साध्या गणतीपलीकडचें आहे. यजुर्वेदांतील संख्यांच्या मालिकेंत एक, दश, शत अशा पायऱ्या चढत गेलें म्हणजे दहाव्या पायरीवर ‘समुद्र’ येतो. आजच्या भाषेंत तो एक अब्ज.

आतां लाक्षणिक अर्थ. त्यांचीं मुख्य घराणीं तीन दिसतात. पहिलें भयाचें : ज्याचा पार दिसत नाहीं तो समुद्र. भवसागर, दुःखसागर, चिंतासागर हीं त्याचीं लेंकरें. म्हणूनच संतांच्या वाणींत नाव, नावाडी आणि पैलतीर इतक्या वेळां येतात. दुसरें घराणें विपुलतेचें : दयासागर, करुणासिंधु. पंढरपुरास वारकरी ज्याला दयासागर म्हणून आळवितो, त्याच्याच आधारानें भवसागर तरण्याची आशा धरितो. बुडविणाराही सागर आणि तारणाराही सागर, यांत त्याला विसंगति वाटत नाहीं, कारण दोन्ही ठिकाणीं अपारता तीच. तिसरें घराणें संग्रहाचें : जेथें सगळे प्रवाह मिळतात तो समुद्र. म्हणून ग्रंथांचीं नांवें ‘विवेकसिंधु’, ‘कथासरित्सागर’, ‘निर्णयसिंधु’. सोलापूर जिल्ह्यानेंही या मालिकेंत भर घातली आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं 1790 सालीं ‘धर्मसिंधु’ रचला. समुद्र न पाहिलेल्या गांवानें एक सिंधु दिला तो असा.

या तिन्ही घराण्यांत एक गुण समान आहे : समुद्र आटत नाहीं. हाच गुण विसरून शब्द वापरला कीं तो स्वस्त होतो. मैदानांत चार हजार माणसें जमलीं कीं बातमींत ‘जनसागर उसळला’ असें येतें. तासाभरानें मैदान रिकामें होतें. दोन पुस्तकें वाचलेला ‘ज्ञानसागर’ ठरतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें लोकांनीं अशाच सागरांविषयीं म्हणून ठेविलें आहे.

परंतु एका ठिकाणीं हा शब्द अलंकार राहिलेला नाहीं. पठारावरील लोकांनीं आपल्या मोठ्या जलाशयांस सागर म्हटलें. कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर आणि भीमेवर 1980 सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा यशवंतसागर. उजनीचा एकूण साठा सुमारें 117 अब्ज घनफूट. वेदांतल्या मापानें बोलायचें तर 117 समुद्र. सगराच्या कथेप्रमाणें पाहिलें तर हें नांव अगदीं सार्थ आहे, कारण मनुष्याचे श्रम आणि नदीचें पाणी यांनींच तो घडला. आणि कथेंतल्याप्रमाणें त्याची किंमतही मोठी पडली. नदीकांठचीं गांवें उठलीं, घरेंदारें आणि देवळें पाण्याखालीं गेलीं. जे उठले त्यांना सागर म्हणजे बुडणें, जे खालच्या अंगास राहतात त्यांना सागर म्हणजे ऊंस आणि घरांतला नळ. भय आणि विपुलता हे दोन अर्थ येथें एकाच पाण्यांत नांदतात.

फक्त तिसरी गोष्ट या सागरापाशीं नाहीं : तो आटतो. साठ्यांतला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे, आणि 2024 च्या उन्हाळ्यांत पाणी त्या मृतसाठ्यांतही पुष्कळ खोल उतरलें होतें. पाणी असें उतरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें. नांवानें सागर झालेल्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो, हें तें देऊळ निमूटपणें सांगतें.

यास्काच्या पहिल्या दोन व्युत्पत्ति येथें पुन्हा आठवाव्या. समुद्रापासून उठलेली वाफ ढगाच्या रूपानें या पठारावर येते. पडलेलें पाणी भीमा कृष्णेस देते आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. ज्याच्यापासून पाणी उसळतें आणि ज्याच्याकडे तें धांवतें, त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर सोलापूर आहे. त्या वाटेवर पाणी चार दिवस थांबवून घेणें एवढेंच मनुष्याच्या हातीं असतें. आणि तेवढ्या थांबलेल्या पाण्याला येथील भाषेनें सागर म्हटलें, यांत अतिशयोक्तीपेक्षां तहानच अधिक आहे.