अर्धवट खेळ, पुरते पैसे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील पालक-युवक सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी या सत्रासाठी विषय विचारला, तेव्हा आम्ही उभयतांनी व्हिडिओ गेमचा विषय सुचविला. त्यावर काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. घर, नोकरी, मुलांचे शिक्षण असे विषय सोडून खेळाविषयी काय बोलायचे, असे कोणासही वाटेल. परंतु या देशात वाढणाऱ्या आपल्या मुलांचा स्वतःच्या पैशाने केलेला पहिला व्यवहार पुष्कळदा खेळाचाच असतो, आणि विश्वास कोणावर व किती ठेवावा याचा पहिला धडाही तेथेच मिळतो. आमच्या घरात तो धडा दोनदा चुकला. एकदा आम्ही विश्वास ठेवून चुकलो आणि एकदा न ठेवून.

सन २०१५ च्या शरद ऋतूतील गोष्ट. आमची कन्या तेव्हा तेरा वर्षांची होती. आत्या, मावशी, काका यांनी वाढदिवसाला दिलेल्या पाकिटांतून तिने वीस पौंड साठविले होते. चौघांनी मिळून बेटावर घर बांधण्याचा एक खेळ तिला हवा होता. खेळ अपूर्ण होता, तसे त्यावर लिहिलेलेही होते. तिने आम्हांस विचारले. आम्ही चित्रे पाहिली, खाली दिलेली पुढील योजनांची लांबलचक यादी पाहिली आणि ‘घे’ म्हणालो. चार महिन्यांनी त्या मंडळींकडून नवीन काही येणे बंद झाले. बेट तसेच राहिले, घराला छप्पर चढलेच नाही. पैसे परत मागावेत तर तिचे खेळून नऊ तास झाले होते आणि मुदत उलटून गेली होती. वीस पौंड ही रक्कम मोठी नव्हे. (आपल्यापैकी अनेकांना अजूनही पौंडाचे रुपये करून पाहिल्यावाचून चैन पडत नाही, ते निराळे.) पण ती म्हणाली, “बाबा, तुम्ही वाचलं होतंत ना?” आम्ही वाचले नव्हते. आम्ही केवळ पाहिले होते.

हा प्रकार ज्यांस अपरिचित असेल, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. खेळ पूर्ण होण्यापूर्वीच तो विकावयाचा, आलेल्या पैशावर व खेळणाऱ्यांच्या सूचनांवर तो पुरा करावयाचा, या पद्धतीला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात. माइनक्राफ्ट हा खेळ २००९ पासून असाच अपूर्णावस्थेत विकला जात होता, तो नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण झाला. पुढे मार्च २०१३ मध्ये संगणकीय खेळांच्या ‘स्टीम’ या मोठ्या दुकानाने यासाठी स्वतंत्र दालन उघडले आणि ही रीत सर्वत्र पसरली.

आपल्या समाजातील पालकांस हे समजावून सांगण्याचा सोपा मार्ग आम्हांस सापडला आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी परदेशात बसून पुण्यात, नागपुरात, कल्याणला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट नोंदविला असेल. रंगीत माहितीपत्रक, पोहण्याचा तलाव, बाग, सारे कागदावर; आणि जागेवर चार खांब. त्या व्यवहारात निदान २०१६ चा रेरा कायदा आला. प्रकल्पाची नोंदणी करावी लागते, ताबा देण्याची तारीख लिहून द्यावी लागते, आणि खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठीच वापरावी लागते. अर्धवट खेळाच्या बाबतीत यातले काहीच नाही. तुमचे पैसे कोणत्या खात्यात गेले, त्यांतून काय झाले, हे विचारण्याची सोय नाही. किंबहुना, आजच्या स्थितीत हा खेळ खेळावासा वाटत नसेल तर थांबावे व पुढे काय होते ते पाहावे, असे स्टीम स्वतःच त्या पानावर बजावते. म्हणजे चार खांब पाहून, त्या चार खांबांचीच किंमत आपल्याला मान्य आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

यासाठी पान वाचावे लागते, आणि सावकाश वाचावे लागते. तेथे कर्त्यांना काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. खेळ अपूर्ण का विकत आहात, किती काळ लागेल, पूर्ण खेळ कसा निराळा असेल, सध्याची स्थिती काय, किंमत पुढे बदलेल काय. आमचे चिरंजीव आता पंधरा वर्षांचे आहेत. ते प्रथम ‘सध्याची स्थिती’ हे उत्तर वाचतात. त्यात आज काय चालते हे सरळ सांगितलेले असेल तर पुढे जायचे. तेथेही स्वप्नेच रंगविलेली असतील तर पान मिटायचे. दुसरी गोष्ट म्हणजे, सहा महिन्यांत हा खेळ पुरा करू असे जेथे लिहिले आहे, तेथे ते कधी लिहिले हे ताडून पाहायचे. पुष्कळदा ते सहा महिने सरून तीन वर्षे झालेली असतात. त्यानंतर सुधारणांच्या तारखा. फेब्रुवारी २०२५ पासून, वर्षाहून अधिक काळ नवे काही न आलेल्या अशा खेळांच्या पानावर स्टीम तशी सूचनाच लावते. पण आठ महिन्यांच्या शांततेवर सूचना लागत नाही, ती आपली आपणच मोजावी लागते. अभिप्राय वाचताना गेल्या तीस दिवसांचे व एकूण, असे दोन निराळे निकाल दिसतात. एकूण उत्तम आणि अलीकडील वाईट, ही जोडी दिसली की काहीतरी बिनसले आहे असे समजावे. अभिप्राय देणारा किती तास खेळला आहे हेही तेथे असते. अर्ध्या तासाच्या स्तुतीपेक्षा साठ तास खेळून केलेली तक्रार आम्हांस अधिक मोलाची वाटते.

मोठे नाव पाहून भुलण्याचा मोह वडीलधाऱ्यांस जास्त होतो, म्हणून ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’चे उदाहरण देतो. अग्निबाण बांधून अवकाशात सोडण्याचा हा खेळ. पहिला भाग मेक्सिकोतील एका लहान चमूने २०११ पासून अपूर्ण स्थितीत लोकांपुढे ठेवला, हळूहळू वाढविला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण केला. कितीतरी मुलांनी ग्रहांच्या कक्षा त्यावर शिकून घेतल्या. दुसऱ्या भागामागे बलाढ्य प्रकाशक होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो अपूर्ण स्थितीतच सुमारे पन्नास डॉलरना आला. अन्य ग्रहांवरील वसाहती, ताऱ्यांमधला प्रवास, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, हे सारे योजनेच्या आराखड्यात होते. २०२४ मध्ये तो बनविणाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. वसाहती आल्याच नाहीत, आणि त्यानंतरही तो विक्रीस राहिला. याउलट ‘द डे बिफोर’ नावाचा खेळ ७ डिसेंबर २०२३ रोजी विक्रीस आला आणि चारच दिवसांत त्याच्या कर्त्यांनी कंपनी बंद करीत असल्याचे जाहीर केले. तेथे खरेदीदारांस पैसे परत मिळाले, हे त्यातल्या त्यात बरे.

पैसे परत मिळण्याविषयी येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण याबाबत आपल्याकडे गैरसमज आहेत. स्टीमचा नियम जून २०१५ पासून असा आहे की, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास कारण न विचारता पैसे परत मिळतात. ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा डिजिटल वस्तूंनाही लागू आहे. वस्तू समाधानकारक आणि वर्णनानुसार असली पाहिजे. पण जो दोष खरेदीपूर्वीच स्पष्टपणे नजरेस आणून दिला असेल, त्याबद्दल समाधानकारक दर्जाच्या नावाने भांडता येत नाही. ‘हा खेळ अपूर्ण आहे’ ही पाटी विक्रेत्याच्याही कामी येते, ती अशी. म्हणून ते दोन तास जपून वापरावे. आमच्या घरी आता खेळ शनिवारी सकाळी घेतात, शुक्रवारी रात्री झोपेच्या डोळ्यांनी नाही. आणि दीड तासाचा गजर लावतात.

आता दुसरी चूक. पहिल्या फजितीनंतर आम्ही घरात कायदाच केला, की अपूर्ण खेळ घ्यावयाचा नाही. २०१७ मध्ये कन्येने ‘फॅक्टोरिओ’ मागितला. प्राग येथील लोकांनी बनविलेला, कारखाने उभारण्याचा खेळ. ती म्हणाली, हे लोक दर शुक्रवारी काय काम केले ते लिहितात, मागची सारी टिपणे वाचता येतात, आणि आज आहे तेवढाही खेळ पुरेसा आहे. तिने पान वाचले होते. आम्ही या खेपेसही नाही. आम्ही म्हणालो, पूर्ण होऊ दे, सेल लागू दे, मग पाहू. त्या खेळाला सेल लागतच नाही, कर्त्यांचे तसे धोरणच आहे. उलट २०१८ मध्ये किंमत वीस डॉलरवरून तीस झाली. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ पूर्ण झाला. तो तिने स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतला आणि आम्हांस बोलावून दाखविला, एक शब्दही न बोलता.

ती आज अभियंता आहे. याचे श्रेय खेळाला देण्याइतके आम्ही भोळे नाही. पण २०१७ साली तिने आमच्यासमोर पुरावे मांडले होते आणि आम्ही ते ऐकून घेतले नाहीत, याची रुखरुख वीस पौंडांहून अधिक आहे.

सध्या चिरंजीवांच्या वहीत तीन खेळांची नावे आहेत. एकापुढे ‘थांबू’, एकापुढे ‘नको’ आणि एकापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाच्या खेळाचा शेवटचा बदल जुना आहे, परंतु कर्ते दोघेच असून विलंबाचे कारण त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत अजून पडलेले नाही. भोजनानंतर ते ही वही घेऊन बाहेरच्या टेबलापाशी बसतील. ज्या पालकांच्या मुलांनी काही मागितले असेल, त्यांनी खेळाचे नाव आणावे आणि शक्यतो मुलालाही सोबत आणावे.