काचपेटीतील पाण्याची ऊब

बाहेरच्या हवामानाशी झगडण्याची थोडीफार मुभा माणसाला आणि गुराढोरांना निसर्गानेच दिली आहे. माणूस थंडीत गोधडी ओढून घेतो, गाय गोठ्याचा आडोसा धरते आणि दोघांचीही शरीरे आपली उष्णता आपण राखतात. माशाला यांतले काहीच साधत नाही. भोवतालच्या पाण्याचे जे तापमान, तेच बहुतेक माशांच्या देहाचे तापमान. पाणी गार झाले की पचनापासून श्वसनापर्यंतचे त्यांचे सारे व्यवहार मंदावतात. तेच पाणी १० अंशांनी तापले की ते व्यवहार साधारणपणे दुपटीने वेगावतात. नदीतला मासा अशा वेळी निदान डोहाच्या तळाशी जाऊ शकतो. दिवाणखान्यातल्या काचपेटीत मात्र डोह नसतो. तेथे ऋतू कोणता असावा, हे घरच्या माणसांनीच ठरवावे लागते.

या कामी पहिले साहाय्य खुद्द पाणीच करते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. पण त्याचा साठा मोठा असला तरच हा गुण उपयोगी पडतो. तांब्यातले पाणी घटकाभरात निवते, हंड्यातले बराच वेळ कोमट राहते. मत्स्यपेटीलाही हाच न्याय लागू आहे. टेबलावर शोभणारे काचेचे गोल भांडे दुपारी तापते आणि पहाटे गारठते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा पेटीत सुमारे ५० लिटर पाणी राहते व तिच्यातील चढउतार पुष्कळच सौम्य होतात. ती खिडकीच्या उन्हापासून आणि पंख्याच्या थेट झोतापासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवली, तर अर्धे काम विनाखर्च होते.

दुसरी गोष्ट म्हणजे गावाला साजेसा मासा निवडणे. एंजल आणि निऑन टेट्रा हे ॲमेझॉनच्या उबदार प्रदेशातले मासे. त्यांना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. गोल्डफिश मूळचा चीनमधला. त्याला १८ ते २२ अंशांचे गार पाणी पुरते. दोघांना एकाच पेटीत ठेवणे म्हणजे त्यांपैकी एकाला सदैव परक्या ऋतूत डांबणे होय. मुंबईच्या सौम्य हिवाळ्यात जे सहज निभते, ते दिल्लीच्या जानेवारीत निभत नाही. उलट, आपल्या गंगेच्या खोऱ्यातला पट्टेदार झेब्रा मासा तापमानाचा बराच मोठा पल्ला सोसतो. उत्तरेकडील घरांना तो सोयीचा.

थंडीसाठी विजेचा हीटर लागतो. त्याचे गणित अवघड नाही. ५० लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास ५० वॅटच्या हीटरला, उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले तरी, सुमारे ७० मिनिटे लागतात. खोली पाण्याहून ५ अंशांनी गार असेल, तर दर लिटरला १ वॅट हे प्रमाण पुरते; १० अंशांचे अंतर असेल, तर दुप्पट धरावे. हीटरमधील थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज बंद करतो. पण हे यंत्र बिघडते, आणि कधी नेमके चालू स्थितीतच अडकते. म्हणून मोठा एक हीटर लावण्यापेक्षा लहान दोन लावणे शहाणपणाचे: एक बंद पडला तरी दुसरा थोडीबहुत ऊब देतो, आणि एक अडकला तरी त्याच्या एकट्याच्या बळावर पाणी भाजण्याइतके तापत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी हीटरची वीज तोडावी, हे मुलांनाही शिकवून ठेवावे.

उन्हाळ्याची अडचण निराळी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांना साडेसातच. म्हणजे माशाची गरज वाढते, तेव्हाच पुरवठा घटतो. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले, तर ती भुकेची खूण समजून खाऊ घालू नये. हवेचा पंप चालू करावा. पाणी निवविण्याची युक्ती महाराष्ट्राला माठाने केव्हाच शिकविली आहे. पृष्ठभागावरून लहान पंख्याचा झोत फिरविला की बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत फारसा नाही. उडालेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते.

एवढे करूनही मासे दगावतात, ते बहुधा उत्साहापायी. सणाची स्वच्छता निघते, पेटी रिकामी होते आणि नळाचे गार पाणी एकदम ओतले जाते. मासे त्या धक्क्याने दुबळे होतात. मग काही दिवसांत अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. तो एका सूक्ष्म परजीवीचा हल्ला असतो. पाणी एका वेळी पाव हिश्शापेक्षा अधिक बदलू नये, आणि नवे पाणी जुन्याच्या तापमानाला आणूनच घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनची सोय आधी करावी, हेही ओघानेच आले. वीज गेली, तर पेटीभोवती गोधडी गुंडाळावी, पण वरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. बाटलीत गरम पाणी भरून ती पेटीत तरंगत सोडावी. उकळते पाणी थेट कधीही ओतू नये.

अखेरीस तापमापकाचे महत्त्व. पाणी ठीक आहे की नाही, हे बोटाने कळत नाही. कारण बोट स्वतःच्या उष्णतेशी तुलना करते. सकाळी आणि रात्री तापमापक पाहून दोन आकडे वहीत टिपणे, एवढेच काम आहे. त्या आकड्यांतले अंतर एक-दोन अंशांचे राहिले, की पेटी स्थिर आहे असे समजावे. माशाला थंडी वाजल्याचे सांगता येत नाही. त्याची तक्रार वहीतले हे दोन आकडेच सांगतात.