चालीखालचं नाव



बक्षीस समारंभाआधी मला तुम्हाला एका पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगायचं आहे. इथल्या नववी-दहावीच्या मुलींच्याच वयाची ती.

तिचं नाव एफी क्रॉकेट. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या रॉकलंड गावची. १८७२ साली एक तान्हं बाळ सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. बाळ काही केल्या झोपेना. 'रॉक-अ-बाय बेबी' हे बडबडगीत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच छापलं गेलं होतं. एफीनं ते जुने शब्द घेतले आणि आपल्या मनानं त्यांना चाल लावली. तीन-तीन मात्रांची, पाळण्याच्या झोक्याबरोबर सहज चालणारी. आपल्याकडच्या कितीतरी बालवाड्यांतही हे गाणं म्हटलं जातं.

ही चाल पुढे १८८०च्या दशकात बॉस्टनमध्ये छापली गेली. तेव्हा ग्रामोफोन घरोघरी नव्हते. गाणी पसरायची ती छापील स्वरलिपीतून आणि दिवाणखान्यातल्या पियानोवरून. पण त्या छापील पानावर 'क्रॉकेट' हे आडनाव नव्हतं. वडील रागावतील म्हणून तिनं 'कॅनिंग' हे नाव घेतलं, असं सांगतात. पुढे ती नाटकांतून कामं करू लागली तीही एफी कॅनिंग म्हणूनच. १९४० साली ती वारली. गाणं जगभर गेलं, पण गाणाऱ्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. आजही फारसं कुणाला नाही.

मला याचं वाईट वाटतं. अंगाई म्हणजे घरातल्या बायकांचं काम, ते आपोआपच होत असतं, अशी आपली समजूत असते. म्हणून ती कुणी रचली, असा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पण चाल आपोआप लागत नाही. ती कुणालातरी सुचावी लागते, दहादा गुणगुणून घोटावी लागते. एका शाळकरी वयाच्या मुलीनं ते केलं आणि त्याचं श्रेय उघडपणे घेण्याची तिला भीती वाटली.

मुलींनो, तुम्ही कविता लिहाल, चित्र काढाल, गाण्याला चाल लावाल, त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहा. त्यात गर्व नाही. केलेल्या कामाची जबाबदारी आहे. पालकहो, मुलीला आपलं नाव लपवावंसं वाटणार नाही, एवढा मोकळेपणा घरात ठेवा.

आणि शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्या-नाचणाऱ्यांबरोबर नाटिका लिहिणाऱ्यांची, चाली लावणाऱ्यांची, पडदे रंगवणाऱ्यांचीही नावं छापा. एकही नाव सुटू देऊ नका.

सर्व बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन.