सही केली तरी हक्क जात नाही

रामटेकजवळच्या मनसर, कांद्रीच्या मँगनीज खाणी असोत की गावातलं एखादं दुकान, नेमणूकपत्र हाती आलं की आपण पगाराचा आकडा पाहतो आणि सही ठोकतो. पण सही केली म्हणजे सगळंच कबूल, असं कायदा मानत नाही.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. काम पुरुष स्टेनोग्राफरसारखंच, पगार मात्र कमी. कंपनीचं म्हणणं, हा तर कामगार संघटनेशी झालेला करार! शिवाय आमची ऐपत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. आधार होता १९७६ च्या समान वेतन कायद्याचा. पण निकालात ब्रिटनचा १९७० चा कायदा आणि युरोपातला रोमचा करार यांचाही विचार झाला. लंडनचा कायदा मुंबईच्या स्टेनोग्राफरच्या कामी यावा, हे मला मोठं वाटतं.

समान कामाला समान वेतन, हे तत्त्व आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. तेव्हा भगिनींनो, नेमणूकपत्र लेखी मागा, प्रत घरी जपून ठेवा, आणि पगारात दुजाभाव दिसला तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.