पाळणा लांबवा, पहिल्याकडं नीट बघा

(परभणी जिल्ह्यातील दांपत्य मेळाव्यात आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



आज नवरा-बायको जोडीनं आलात, हे फार बरं झालं. एरवी असल्या सभेला बायका पुढं बसतात आणि पुरुष मंडळी पारावर. पाळणा दोघांचा, तेव्हा ऐकायचंही दोघांनीच.

दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा, हे तुम्ही नेहमी ऐकता. आईचं अंग भरून यावं, पहिल्याला दूध पुरावं, ही कारणं तुम्हांला पाठ आहेत. मी आज आणखी एक कारण सांगते.

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावचं जोडपं. मुलगी १४ महिन्यांची, गुटगुटीत, पण हाक मारली तर वळायची नाही. आईनं मला विचारलं, "बाई, हिला ऐकू येत नसंल का?" मी म्हटलं, "काही मुलं उशिरा बोलतात." ही माझी चूक. चार महिने त्यात गेले. मग अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं, त्यांनी पुढं पाठवलं, आणि कळलं की दोन्ही कानांनी जन्मापासून फार कमी ऐकू येतं.

सासूबाई म्हणाल्या, "आता लवकर दुसरं होऊ द्या. चांगलं लेकरू आलं म्हणजे हिलाही आधार होईल." वाईट मनानं नव्हे, मायेनंच म्हणाल्या. पण बोलणं शिकायची खरी वर्षं पहिली तीन. त्या दिवसांत कानाला यंत्र लावून रोज तासन्‌तास बाळाशी बोलावं लागतं. आई पुन्हा गरोदर राहिली, ओकाऱ्या सुरू झाल्या, की हे कोण करणार? वेळ एकदा गेला की यंत्र मिळूनही पुरतं भागत नाही.

दुसरी गोष्ट. नवरा-बायकोचं नातं विचारलं, तर सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडं ही रीत जुनी आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण प्रत्येकाच्या रक्तात काही दोष लपलेले असतात. एकाच आजोबांकडून तोच दोष दोघांकडं आला, तर प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक धोका राहतो. पहिलं तसं झालं म्हणून पुढची तीन चांगली होणार, असा हिशेब नाही बरं का! म्हणून दुसऱ्याचा विचार डॉक्टरांचा सल्ला घेऊनच करावा.

त्या दोघांनी तांबी बसवून घेतली. खरी अडचण पुढं आली. दसरा-दिवाळीनंतर उसाला जायचं. कोयता जोडीचा, उचल जोडीची. आई मागं राहिली तर अर्धा कोयता, अर्धीच उचल. पण कोपीवर धूळ, पाऊस, यंत्राचे सेल कुठं मिळणार? बरेच दिवस वाद झाला. शेवटी त्या साली नवरा भावासोबत गेला आणि आई लेकरासाठी गावात राहिली. त्यांना कर्ज झालं, हेही सांगते. सगळं सोपं होतं असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या लेकरांचं. साधारण चार महिन्यांत बाळ मान धरतं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं, काही शब्द बोलतं. यात मागं पडलं तर आशाताईंना सांगा. थांबू नका, माझ्यासारख्या कुणी 'होईल हळूहळू' म्हटलं तरी. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत. त्या दिवशी लेकरू शेतात नेऊ नका. वाकडी पावलं पहिल्या आठवड्यांपासून प्लास्टर करत गेलं तर बहुधा सरळ होतात. फाटलेला ओठ शिवता येतो. तो ग्रहणात भाजी चिरल्यानं फाटत नाही. उगीच सुनेला बोल लावू नका.

काही दोष टाळताही येतात. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आधीपासून हव्यात. पाळणा ठरवून हलला तरच हे जमतं. गोवर-रुबेलाची लस मुलींना आणि मुलांनाही द्या. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय बिघडतं.

अंतर ठेवायला तांबी, गोळ्या, निरोध, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, सगळं सरकारी दवाखान्यात मोफत. मुलं पुरी झाली असतील तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची आहे. त्यानं कोयत्याची ताकद जात नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची.

ती मुलगी आता गावच्याच शाळेत पहिलीत आहे. बोलणं अजून तुटक आहे, पण आईला 'आई' म्हणते, आणि मला 'बाई'. २०१६ च्या कायद्यानं अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला काढून ठेवावा. ती पाच वर्षांची झाल्यावर तिला भाऊ झाला. त्याचे कान पहिल्याच महिन्यात तपासले. चांगलं ऐकू येतं.

ज्यांनी बाळाचं कार्ड आणलं असेल, त्यांनी सभा सुटल्यावर माझ्याकडं यावं. बाळ कडेवर असेल तर फारच उत्तम. पुरुष मंडळींनी तंबाखू बाहेर ठेवून यावं.